खात्रीचा हट्ट : मंत्रचळाविषयी वाचकांचे प्रश्न

मंत्रचळाविषयी, म्हणजे आता बहुतेक जण ज्याला ओसीडी म्हणतात त्या विकाराविषयी, या सदराकडे येणारी पत्रे बहुधा लांब असतात. एकच गोष्ट त्यांत तीन-चार तऱ्हांनी सांगितलेली असते आणि सहीनंतर ‘सांगायचे काही राहिले तर नाही ना’ अशी पुरवणीही असते. यात लिहिणाऱ्याचा दोष नाही. तो या आजाराचाच स्वभाव आहे. या वेळी अशा काही पत्रांना एकत्र उत्तरे दिली आहेत. पत्रे आटोपशीर केली आहेत आणि ओळख पटेल असा तपशील वगळला आहे. उत्तरे प्रौढांपुरती आहेत आणि ती प्रत्यक्ष तपासणीची जागा घेऊ शकत नाहीत.

प्रश्न : माझे वय ३६ वर्षे आहे. बाहेर पडताना गॅस बंद केला की नाही आणि कुलूप नीट लागले की नाही, हे मी पुन्हा पुन्हा पाहते. बंद केलेले डोळ्यांना दिसते, तरी जिना उतरेपर्यंत ते आठवेनासे होते आणि मी परत वर जाते. हल्ली मोबाइलवर फोटो काढून ठेवते, पण मग तो फोटो आजचाच आहे ना, हे पाहत बसते. कामावर रोज उशीर होतो. माझी स्मरणशक्ती कमी होत चालली आहे का?

उत्तर : पत्रातील तपशिलावरून स्मरणशक्ती कमी झाल्याचे दिसत नाही. तुमचा तिच्यावरचा भरवसा मात्र उडालेला दिसतो. स्मृती खरोखर ढासळू लागलेली व्यक्ती नावे, ठरलेल्या भेटी, नेहमीचे रस्ते अशा अनेक बाबतींत अडखळते आणि बऱ्याचदा तिला स्वतःला त्याचा पत्ताही नसतो. तुमचा विसर गॅस आणि कुलूप एवढ्याच ठिकाणी आहे, आणि तो कधी व कोणत्या पायरीवर झाला हे तुम्ही बारकाईने लिहिले आहे.

नेदरलँड्समधील मार्सेल व्हॅन डेन हाउट आणि मेरेल किंट या मानसशास्त्रज्ञांचा २००३ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग या संदर्भात फार बोलका आहे. कोणताही आजार नसलेल्या तरुणांना त्यांनी संगणकाच्या पडद्यावरची गॅसची शेगडी पुन्हा पुन्हा तपासायला लावली. शेवटच्या वेळी कोणते नॉब पाहिले, हे त्यांना तशी तपासणी न केलेल्या गटाइतकेच बरोबर सांगता आले. परंतु ती आठवण त्यांना फिकट वाटू लागली होती, तिच्यातला तपशील गळून गेला होता आणि आपले उत्तर बरोबर आहे याची त्यांना खात्री वाटेनाशी झाली होती. कारण समजण्यासारखे आहे. एखादी कृती वारंवार केली की ती इतकी परिचित होते की मन तिच्याकडे नीट पाहतच नाही, आणि न पाहिलेल्या गोष्टीची आठवण ठसठशीत राहत नाही. म्हणजे शंका येते म्हणून तुम्ही तपासता, हे जितके खरे आहे, तितकेच तपासता म्हणून शंका येते, हेही खरे आहे. फोटोची युक्ती याच कारणाने फसली. तपासण्याची आणखी एक वस्तू तेवढी तिने तुमच्या हाती दिली.

निदानाच्या भाषेत सांगायचे तर ‘गॅस चालू राहिला असेल’ हा नको असताना मनात घुसणारा आणि हाकलून न जाणारा विचार म्हणजे मनोग्रस्ती, आणि त्यातून येणारी धास्ती शमवण्यासाठी करावीच लागणारी कृती म्हणजे सक्तीची कृती. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ संघटनेच्या २०१३ च्या डीएसएम-५ या वर्गीकरणानुसार अशा विचारांत आणि कृतींत दिवसाचा एक तासाहून अधिक वेळ जात असेल, किंवा त्यांमुळे मोठा मनस्ताप होत असेल अथवा कामात आणि नात्यांत अडथळा येत असेल, तर त्याला विकार म्हटले जाते. आयुष्यात कधी ना कधी हा विकार झालेल्या प्रौढांचे प्रमाण सुमारे २ टक्के आहे. तो बहुधा किशोरवयात किंवा विशीच्या आसपास सुरू होतो; पस्तिशीनंतर प्रथमच उद्भवणे कमी आढळते, आणि उतारवयात तो अचानक दिसू लागला तर मेंदूचा दुसरा काही आजार नाही ना, हे आधी पाहावे लागते.

उपचार कोणत्या दिशेने जातात, हे थोडक्यात सांगतो. १९६६ मध्ये लंडनमधील मानसशास्त्रज्ञ व्हिक्टर मायर यांनी दोन गंभीर रुग्णांच्या बाबतीत, ज्याची भीती वाटते त्या गोष्टीला सामोरे जायचे आणि नंतरची सक्तीची कृती मात्र करायची नाही, ही पद्धत वापरल्याचे लिहिले. आज तिला एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन, थोडक्यात ईआरपी, म्हणतात आणि ओसीडीच्या मानसोपचारात तिला पहिले स्थान आहे. तुमच्या बाबतीत त्याचा अर्थ असा की गॅस एकदाच बंद करायचा, एकदाच पाहायचे, फोटो काढायचा नाही, आणि जिन्यात शंका आली की तिला ‘असेलही, नसेलही’ एवढेच म्हणून पुढे चालू लागायचे. धास्ती आधी वाढते. ती वाढलेली असतानाच बसमध्ये बसायचे, कामाला लागायचे. काही दिवसांनी ती आपोआप ओसरते, आणि ओसरली नाही तरी तिच्यासकट कामावर जाता येते हे उमगते. माझ्या मते ही दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा अधिक मोलाची आहे.

प्रश्न : माझे बाळ चार महिन्यांचे आहे. प्रसूतीनंतर काही आठवड्यांतच, सुरी दिसली की ‘हिने मी बाळाला इजा केली तर?’ असा विचार डोक्यात चमकून जाऊ लागला. मला स्वतःची किळस येते. मी सुऱ्या कुलपात ठेवल्या आहेत, बाळाला एकटीने आंघोळ घालत नाही, आणि रात्री झोपण्यापूर्वी दिवसभराचा प्रत्येक क्षण आठवून पाहते की माझ्या हातून काही झाले तर नाही ना. डॉक्टरांना सांगितले तर बाळ माझ्यापासून दूर नेतील अशी भीती वाटते. मी असे काही करणार नाही, एवढे एकदा तरी लिहून द्या.

उत्तर : तुमचे पत्र दोनदा वाचले. तुम्ही वर्णन केलेले विचार, त्यांची वाटणारी किळस, सुऱ्या दूर ठेवणे आणि रात्रीची उजळणी हे सारे मिळून प्रसूतीनंतर दिसणाऱ्या ओसीडीचे ओळखीचे चित्र आहे. गर्भारपण आणि प्रसूतीनंतरचे महिने हा काळ या विकाराच्या सुरुवातीसाठी किंवा तो बळावण्यासाठी जोखमीचा मानला जातो.

असे विचार केवळ आजारी माणसांनाच येतात, असा समज आहे आणि तो खोटा आहे. स्टॅनली रॅकमन आणि पद्मल डी सिल्वा यांनी १९७८ मध्ये आजारी नसलेल्या लोकांना मनात अवचित येणाऱ्या नकोशा विचारांविषयी विचारले, तेव्हा बहुसंख्यांनी असे विचार येत असल्याचे मान्य केले. जवळच्या माणसावर वार करण्याचे, कुणाला ढकलून देण्याचे, भर सभेत अश्लील ओरडण्याचे विचार त्यांत होते, आणि त्यांचा आशय रुग्णांच्या विचारांहून निराळा नव्हता. निकोल फेअरब्रदर आणि शीला वुडी यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नव्या मातांच्या पाहणीत तर सुमारे निम्म्या स्त्रियांनी बाळाला हेतुतः इजा करण्याचा विचार कधी ना कधी मनात आल्याचे सांगितले. मग फरक कुठे पडतो? बहुतेक आया तो विचार आला तसा जाऊ देतात. ओसीडी असलेली आई मात्र ‘असा विचार मला आलाच कसा’ या प्रश्नापाशी थांबते, विचार येणे आणि कृती करणे यांत तिला अंतर दिसेनासे होते, आणि बाळाच्या सुरक्षिततेची सगळी जबाबदारी ती आपल्या मनातल्या प्रत्येक चित्रावर टाकते. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ पॉल सॅल्कोव्हस्किस यांनी १९८५ मध्ये मांडलेल्या उपपत्तीत या फुगलेल्या जबाबदारीलाच मध्यवर्ती स्थान आहे. जे सर्वांत प्रिय असते, त्यालाच हा आजार धरतो. म्हणून श्रद्धाळू माणसाला देवाविषयी अभद्र विचार छळतात, सचोटीच्या माणसाला आपण कुणाला फसवले असेल ही शंका छळते, आणि मुलांवर जीव असणाऱ्याला मुलांविषयीचे लैंगिक किंवा हिंसक विचार छळतात. अशी माणसे वर्षानुवर्षे गप्प राहतात, कारण हात धुण्याविषयी बोलता येते, याविषयी बोलता येत नाही.

तुमच्या आजारात बाहेरून दिसणारी सक्तीची कृती फारशी नाही, म्हणून हे ओसीडी नसावे असे तुम्हाला वाटले असेल. परंतु रात्रीची उजळणी हीसुद्धा सक्तीची कृतीच आहे. ती मनात होते एवढेच. त्याचप्रमाणे वाईट विचार आल्यावर चांगला विचार आणून तो पुसणे, मनातल्या मनात आकडे किंवा प्रार्थना ठरावीक वेळा म्हणणे, इंटरनेटवर तासन्‌तास आपल्यासारखी लक्षणे शोधणे आणि घरच्यांना ‘मी वाईट नाही ना?’ असे विचारत राहणे, या सर्व गोष्टी त्याच घरातल्या आहेत.

येथे एक भेद स्पष्ट करायला हवा. प्रसूतीनंतर क्वचित एक वेगळा, गंभीर आजार होतो, ज्यात वास्तवाचे भान सुटते. आवाज ऐकू येतात, बाळाविषयी भलत्याच गोष्टींवर ठाम विश्वास बसतो, झोप न मिळूनही थकवा जाणवत नाही, बोलण्यात गोंधळ येतो आणि इजा करण्याचा विचार किळसवाणा न वाटता योग्य किंवा कुणी आज्ञा केल्यासारखा वाटतो. ही तातडीची वैद्यकीय स्थिती असते आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठावे लागते. तुमच्या पत्रात यातले काही नाही. मात्र तुम्हाला स्वतःचे जीवन संपवावेसे वाटत असेल, तर तेही तितकेच तातडीचे समजून त्याच दिवशी घरातल्या कुणाला आणि डॉक्टरांना सांगा. ओसीडीत नैराश्य जोडीला येणे फार सामान्य आहे.

आता तुम्ही मागितलेली हमी. आजाराविषयीची माहिती एकदा देणे माझे कर्तव्य होते, ती वर दिली. परंतु ‘तुम्ही असे कधीही करणार नाही’ हे वाक्य मी लिहून देणार नाही, आणि ते तुमच्याविषयी शंका आहे म्हणून नव्हे. ते वाक्य आज रात्री तुम्हाला शांत झोपवेल. उद्या ‘पण मी सगळे नीट सांगितले होते का?’ अशी शंका येईल. परवा तुम्ही दुसरे पत्र लिहाल. खाज सुटली की खाजवल्याने क्षणभर बरे वाटते आणि कातडी आणखी चिघळते, तसेच हमीचे आहे. खरे तर इतर आया ज्या खात्रीने बाळाला उचलून घेतात, ती शंभर टक्के खात्री नसतेच. त्यांनी तो प्रश्न सोडवलेला नसतो, फक्त उघडलेला नसतो. म्हणून एक विनंती आहे, हे पान कापून जवळ ठेवू नका आणि पुन्हा पुन्हा वाचू नका.

उपचारांत तुम्ही या प्रश्नाला अनुत्तरित ठेवायला शिकाल. ईआरपी करणारा मानसशास्त्रज्ञ तुमच्याबरोबर बसून भीतीची उतरंड आखतो. कमी भीती वाटणाऱ्या गोष्टींपासून सुरुवात होते, उदाहरणार्थ ‘सुरी’ हा शब्द कागदावर लिहून बाळाशेजारी बसणे. मग बाळ त्याच खोलीत असताना भाजी चिरणे. पुढे एकटीने आंघोळ घालणे. आणि प्रत्येक वेळी रात्रीची उजळणी न करणे. यात तुमच्या इच्छेविरुद्ध काहीही केले जात नाही. विचार आला की स्वतःला चिमटा काढणे किंवा मनगटावर रबर ताणून सोडणे, असे सल्ले तुम्हाला मिळाले असतील तर ते सोडून द्या, कारण दाबलेला विचार अधिक वेळा डोके वर काढतो.

बाळ दूर नेण्याच्या भीतीविषयी एवढेच की मनोविकारतज्ज्ञांना हा भेद शिकवलेला असतो. ‘नको असलेले विचार घुसतात, मला त्यांची किळस येते आणि मी ते टाळण्यासाठी अमुक अमुक करते’, या शब्दांत सांगितले तर चित्र लवकर स्पष्ट होते. समोरची व्यक्ती ओसीडीशी फारशी परिचित नाही असे जाणवले, तर दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घ्या. अंगावर पाजत असतानाही घेता येतील अशी औषधे आहेत. सर्ट्रालिन हे त्यांपैकी एक असून ते दुधात अत्यल्प प्रमाणात उतरते. तरी निर्णय तुमच्या आणि बाळाच्या डॉक्टरांशी बोलूनच घ्यावा.

प्रश्न : माझ्या पत्नीला अस्वच्छतेची भीती आहे. सुरुवातीला फक्त तीच हात धूत असे. आता आम्ही सर्वांनी दारातच कपडे बदलायचे, मोबाइल पुसायचा, काही खोल्यांत जायचे नाही, असे नियम झाले आहेत. नाही म्हटले की ती रडते, कधी फार चिडते. डॉक्टरांकडे यायला ती तयार नाही. आम्ही तिला साथ देतो आहोत की तिचा आजार वाढवतो आहोत?

उत्तर : दोन्ही. घरातल्या माणसांनी आजाराच्या नियमांत सामील होणे इतके सर्रास आढळते की ओसीडी असलेल्या बहुतेक घरांत ते थोडेफार असतेच. ते प्रेमातूनच सुरू होते आणि त्या क्षणी खरोखर शांतता मिळवून देते. पण ज्या घरांत ते जास्त असते, तिथे लक्षणेही अधिक तीव्र असतात आणि उपचारांचा गुण कमी येतो, असे संशोधनात वारंवार दिसले आहे. तुम्ही कपडे बदलता तेव्हा धोका खरा होता, असाच पुरावा पत्नीच्या भीतीला मिळतो.

म्हणून उद्यापासून सगळे नियम मोडून टाकायचे, असे मात्र करू नका. अचानक घेतलेली माघार तिला शिक्षेसारखी वाटते, आणि भांडणाच्या भरात मोडलेला नियम दुसऱ्या दिवशी दुप्पट कडक होऊन परत येतो. घर शांत असताना बोला. आजार वेगळा आणि ती वेगळी, हे तुमच्या शब्दांतून जाणवू द्या. एकच नियम निवडा, शक्यतो तिनेच निवडलेला, आणि तो कोणत्या दिवसापासून सोडायचा हे दोघांनी ठरवा. त्यानंतर ती ‘मोबाइल पुसलास का?’ असे विचारील, तेव्हा ‘तुला आत्ता किती त्रास होतो आहे ते मला दिसते आहे, आपण ठरवले तसे मी याचे उत्तर देणार नाही, पण इथेच तुझ्याजवळ बसतो,’ असे सांगणे उपयोगी पडते. हे वाक्य म्हणायला सोपे आहे आणि पाळायला फार कठीण आहे, याची मला कल्पना आहे. ‘यात काय घाबरायचे’, ‘मनावर ताबा ठेव’, ही वाक्ये मात्र पूर्णपणे टाळा. भीती अवाजवी आहे हे बहुतेक रुग्णांना ठाऊक असते, आणि ठाऊक असूनही थांबता येत नाही हेच त्यांचे दुःख असते. काही जणांत ही जाणीव क्षीण असते किंवा नसतेही, आणि तिथे औषधांशिवाय संवाद सुरू होणे अवघड जाते.

ती यायला तयार नसेल तरी तुम्ही एकटे तज्ज्ञाला भेटू शकता. कुटुंबाने कोणता नियम कसा सोडायचा याचे मार्गदर्शन रुग्णाच्या गैरहजेरीतही सुरू करता येते, आणि घरातले वातावरण बदलले की कधी कधी रुग्ण स्वतःहून येतो. हातांची त्वचा फाटून रक्त येत असेल तर त्वचेच्या तक्रारीसाठी डॉक्टरांकडे जाणे तिला कमी अवघड वाटेल. तो मार्गही चालेल. दूषित होण्याच्या भीतीने तिने खाणे-पिणे कमी केले असेल किंवा मरणाची भाषा येत असेल, तर तिच्या संमतीची वाट पाहत बसू नका.

प्रश्न : मला ओसीडीचे निदान झाले असून पाच आठवड्यांपासून सर्ट्रालिन ५० मिलिग्रॅम सुरू आहे. थोडी मळमळ झाली, फायदा मात्र काहीच नाही. गोळी बदलून घ्यावी का? या गोळ्यांची सवय लागते का? आणि त्या जन्मभर घ्याव्या लागतात का?

उत्तर : गोळी बदलण्याची वेळ अजून आलेली नाही. ओसीडीत ही औषधे नैराश्यापेक्षा उशिरा गुण देतात आणि बहुधा अधिक मात्रेत द्यावी लागतात. सर्ट्रालिनची मात्रा गरजेप्रमाणे टप्प्याटप्प्याने २०० मिलिग्रॅमपर्यंत नेली जाते, आणि औषध चालले की नाही हा निकाल ८ ते १२ आठवड्यांनी, त्यातही पुरेशा मात्रेवर काही आठवडे काढल्यानंतर देतात. याच गटात फ्लुओक्झेटिन, फ्लुव्होक्झामिन, पॅरोक्झेटिन ही औषधे येतात. एकाचा गुण आला नाही तर दुसऱ्याचा येऊ शकतो. साधारण निम्म्या रुग्णांना पहिल्या औषधाने लक्षणीय फरक पडतो. लक्षणीय म्हणजे किती, तेही कळायला हवे. येल-ब्राउन ही १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेली मोजपट्टी ० ते ४० गुणांची आहे, आणि तिच्यावरचा आकडा २५ ते ३५ टक्क्यांनी उतरला तरी औषध लागू पडले असे मानतात. लक्षणे पूर्ण जाणे केवळ गोळ्यांनी कमी वेळा घडते.

मळमळ, झोपेतला बदल, डोकेदुखी यांसारखे त्रास बहुधा पहिल्या काही आठवड्यांत कमी होतात. लैंगिक इच्छेवर किंवा क्षमतेवर होणारा परिणाम मात्र टिकू शकतो, आणि रुग्ण तो बोलून न दाखवता गोळी बंद करतात. तसे करू नका, सांगा, त्यावर मार्ग असतात. पंचविशीच्या आतील रुग्णांत उपचारांच्या सुरुवातीला आत्महत्येचे विचार वाढू शकतात, म्हणून त्यांच्यावर अधिक लक्ष ठेवतात. तुम्हाला किंवा घरात कुणाला पूर्वी उन्मादाचे झटके आले असतील, तर तेही डॉक्टरांना आधीच सांगितले पाहिजे.

व्यसन ज्या अर्थाने म्हणतात, त्या अर्थाने या गोळ्यांची सवय लागत नाही. मात्रा वाढवत नेण्याची ओढ किंवा नशा यांत नसते. त्या अचानक बंद केल्या तर चक्कर, अस्वस्थता, विजेचा झटका बसल्यासारखी संवेदना असे त्रास होतात, म्हणून मात्रा हळूहळू उतरवायची असते. खरी सवय लागते ती झोपेच्या आणि तात्पुरत्या शांततेच्या काही गोळ्यांची, आणि नेमक्या त्याच ओसीडीच्या मूळ लक्षणांवर उपयोगी नाहीत. गुण आल्यानंतर औषध साधारण एक ते दोन वर्षे चालू ठेवतात. ते थांबवल्यावर आजार उलटण्याची शक्यता असते, आणि ईआरपीही पुरी केलेल्यांत ती कमी असते.

औषध की मानसोपचार, या वादाला एक ठोस आधार आहे. एड्ना फोआ, मायकेल लिबोविट्झ आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या १२ आठवड्यांच्या चाचणीत १२२ प्रौढ होते. ईआरपी घेतलेल्यांपैकी ६२ टक्के, क्लोमिप्रामिन हे औषध घेतलेल्यांपैकी ४२ टक्के, दोन्ही मिळालेल्यांपैकी ७० टक्के आणि औषध नसलेली दिखाऊ गोळी घेतलेल्यांपैकी ८ टक्के रुग्णांत सुधारणा दिसली. माझे वैयक्तिक मत असे की शक्य असेल तिथे ईआरपी हवीच, आणि लक्षणे तीव्र असतील किंवा नैराश्य जोडीला असेल तर औषधही हवे. एक जण दुसऱ्याच्या आड येत नाही. मानसोपचार म्हणजे नुसत्या गप्पा, असे कुणी म्हणत असेल, तर लुईस बॅक्स्टर आणि सहकाऱ्यांचे १९९२ चे संशोधन सांगा. फ्लुओक्झेटिनने बरे वाटलेल्यांच्या मेंदूत जो बदल चित्रणात दिसला, पुच्छकेंद्रक या भागातील वाढलेली चयापचय क्रिया कमी होण्याचा, तोच केवळ वर्तनोपचाराने बरे वाटलेल्यांच्या मेंदूतही दिसला.

प्रश्न : मला घरात प्रत्येक वस्तू जागच्या जागी लागते. मित्र म्हणतात, तुला ओसीडी आहे. खरे आहे का?

उत्तर : बहुधा नाही. वस्तू जागच्या जागी ठेवून तुम्हाला समाधान मिळते, त्यात दिवस वाया जात नाही आणि एखादे दिवशी ती राहिली तर तुम्ही पुढच्या कामाला लागता, असे असेल तर ती आवड आहे. ओसीडीत समाधान नसते. असते ती फक्त धास्तीतून क्षणभराची सुटका. तुमच्या शिस्तीचा जाच इतरांना होत असेल, तर तो प्रश्न निराळा आहे आणि मित्रांशीच सोडवावा.

प्रश्न : माझे वय ५८ आहे. विशीपासून हा आजार आहे. आतापर्यंत दोन औषधे घेतली, एका समुपदेशकांकडे दीर्घकाळ गेलो, तरी मोजण्याचा आणि एकच ओळ पुन्हा वाचण्याचा त्रास कायम आहे. या वयात आता काही होण्यासारखे आहे का?

उत्तर : आहे. या आजाराच्या दीर्घ वाटचालीविषयी स्वीडनमधील गुन्नार स्कूग आणि इंगमार स्कूग यांचा १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास महत्त्वाचा आहे. १९५० च्या दशकात तपासलेल्या १४४ रुग्णांची सुमारे चाळीस वर्षांनी पुन्हा तपासणी झाली, तेव्हा ८३ टक्के रुग्णांत सुधारणा आढळली आणि जवळजवळ निम्मे बरे झालेले होते, त्यांपैकी काहींची किरकोळ लक्षणे उरली असली तरी. त्या रुग्णांची बरीच वर्षे आजचे उपचार नसताना गेली होती. वय हे उपचार न करण्याचे कारण होत नाही.

पहिला प्रश्न मी असा विचारीन की समुपदेशकांकडे नेमके काय होत असे? बालपणाविषयी बोलणे, मन मोकळे करणे, दीर्घ श्वसन, ‘काळजी करू नका’ असा धीर देणे, यांपैकी कशालाही ईआरपी म्हणत नाहीत, आणि शेवटच्या गोष्टीने तर आजाराला हमीची नियमित मात्रा मिळत राहते. अनेक रुग्ण ‘मानसोपचार करून पाहिले’ म्हणतात तेव्हा ईआरपी त्यांना एकदाही मिळालेली नसते. तुमच्या बाबतीत ती म्हणजे ओळ एकदाच वाचून, अर्थ पूर्ण लागला नाही असे वाटत असतानाही, पान उलटणे. आणि मोजणी मध्येच, मुद्दाम चुकीच्या आकड्यावर सोडून देणे. साधारण १२ ते २० बैठका, आणि त्यांहून महत्त्वाचा असा रोजचा घरचा सराव, हे तिचे स्वरूप असते. जवळपास प्रशिक्षित तज्ज्ञ नसेल तर व्हिडिओद्वारे घेतलेली ईआरपीही परिणामकारक ठरते.

औषधांचे मार्गही संपलेले नाहीत. ती दोन औषधे पूर्ण मात्रेत आणि पुरेसा काळ घेतली होती का, हे आधी पाहावे लागेल. घेतली असतील तर क्लोमिप्रामिनचा विचार होतो. ओसीडीसाठी अमेरिकेत मान्यता मिळालेले ते पहिले औषध असून ती मान्यता १९८९ ची आहे. तोंड कोरडे पडणे, बद्धकोष्ठता, लघवीला अडथळा हे त्रास त्यात अधिक होतात आणि तुमच्या वयात हृदयाचा आलेख आधी काढून घ्यावा लागतो. चालू औषधाला अरिपिप्राझोल किंवा रिस्पेरिडोन यांची लहान मात्रा जोडण्याचा उपाय साधारण तीनांपैकी एका रुग्णाला लागू पडतो. त्यापुढे चुंबकीय लहरींनी मेंदूच्या ठरावीक भागाला चेतना देण्याची पद्धत आहे; तिला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ओसीडीसाठी २०१८ मध्ये परवानगी दिली. मेंदूत खोलवर विद्युताग्रे बसवण्याची शस्त्रक्रिया अमेरिकेत २००९ पासून अत्यंत तीव्र आणि इतर सर्व उपायांना दाद न देणाऱ्या थोड्या रुग्णांसाठी राखीव आहे. तुमच्या पत्रावरून तुम्ही तिथवर आलेले नाही.

नव्या तज्ज्ञांकडे जाताना ‘आपण ईआरपी करता का, आणि बैठकीत प्रत्यक्ष सराव करून घेता का?’ हा प्रश्न संकोच न करता विचारा. उत्तरात भीतीची उतरंड, सक्तीच्या कृती थांबवणे आणि घरचा सराव यांचा उल्लेख आला नाही, तर शोध चालू ठेवा. पूर्वीच्या औषधांची नावे, सर्वांत मोठी मात्रा आणि ती किती आठवडे घेतली, एवढे एका कागदावर लिहून न्या; एखादा आकडा आठवला नाही तर तिथे कोरी जागा सोडून कागद तसाच न्या.